तुझ्या बेसच्या तारा मी बदलल्या

प्रिय दादा,

तुझ्या बेस गिटारच्या चारही तारा मी काढल्या. त्या जागी बारीक आणि गुळगुळीत तारा चढवल्या. तू असतास तर तुझ्या की-बोर्डवाल्या वसंताने तुला ही बातमी तिखटमीठ लावून सांगितली असती. म्हणून म्हटलं, माझ्याच तोंडून ऐक.

काल प्राची सासरी गेली. आज मांडववाले अंगणातले बांबू सोडतायत. वहिनी आतल्या खोलीत झोपलीय, चार दिवसांत पहिल्यांदा अशी गाढ. मी ओटीवर बसून लिहितेय. तू गेल्याला दीड वर्ष झालं, पण तुला पत्र लिहायचं कधी सुचलं नाही. जिवंतपणी तरी कुठे लिहिलं होतं? धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसलं की अर्ध्या तासात तुझ्या दारात. अशा माणसाला पत्र कोण लिहितं?

पण या अडीच महिन्यांत तुझ्याबद्दल असं काही कळलं, की तुला विचारल्याशिवाय चैन पडेना. आणि विचारायला तू नाहीस.

सुरुवात तुझ्या लेकीने केली. साखरपुडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्राची माझ्याकडे आली. मानकोलीच्या गोडाऊनमधून ड्युटी संपवून मी नुकतीच पोचले होते, दिवसभर उभं राहून पायांचे खांब झालेले. ती माझ्यासमोर खालीच बसली आणि म्हणाली, "आत्या, हळदीला पप्पांचा बेस तू वाजव."

"मी? मला कुठे येतं?"

"पप्पा सांगायचे, येतं म्हणून. म्हणायचे, सुनीचा ताल माझ्यापेक्षा पक्का हाय."

हे तू तिला सांगितलंस, दादा. मला का नाही सांगितलंस कधी?

मला ते दिवस आठवले. मी सोळा वर्षांची, तू कापडाच्या लूमवर फिटर म्हणून नवा नवा लागलेला. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून तू हा बेस उचलून आणलास. आबांनी विचारलं, "गिटारीला सहा तारा असतात ना रे? हिच्या दोन चोरीला गेल्या काय?" तू त्यांना समजावलंस, बेसला चारच असतात, पण एकेक सुतळीएवढी. आणि मला सांगितलंस, "सुने, लूमचा पट्टा फिरत असतो तवर त्याच्याकडं कोण बघत न्हाय. तुटला की सगळ्यांना कळतं. बेस तसा हाय." वसंताच्या पडवीत तुमच्या हळदीत वाजवणाऱ्या पार्टीचा सराव चालायचा, मी चहाचं निमित्त काढून तिथे यायचे. घरी तू जेवून आडवा झालास की गिटार मांडीवर घेऊन बसायचे. तू डोळे मिटल्या मिटल्या सांगायचास, "दुसरं बोट वर घे." झोपेत तुला कसं कळायचं, कोण जाणे.

मग तो एकोणिसाव्या वर्षातला दिवस. तुला सडकून ताप आला होता आणि संध्याकाळी काल्हेरला हळद होती. वसंता दारात उभा, हवालदिल. मी म्हटलं, मी वाजवते, मला सगळी गाणी येतात. आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघितलं. घरातली पोर मांडवात बाप्यांच्या पार्टीत उभी राहणार का, हा प्रश्न होता, आणि उत्तर तू द्यायचं होतंस. तू कूस बदललीस. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास.

पार्टी बेसशिवाय गेली. आपण दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. मीही गिटारीला हात लावला नाही. वर्षभरात माझं लग्न झालं.

माझा राग नव्हता, असं खोटं कशाला लिहू? होता. पण तू वाईट नव्हतास रे. तुला तोंड उघडून काही म्हणणं जमायचंच नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, ते आत्ता कळतंय.

तर मी प्राचीला हो म्हटलं. वहिनीने गिटार कपाटावरून खाली काढली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. चादर सोडताना तिने मला बजावलं, "ने, वाजव. काय मोडलं असंल तं नीट करून घे. पण तारांना हात लावू नको. न्हाय म्हंजे न्हाय. तुझ्या भावाची बोटं लागलीत त्यांना."

मी कबूल केलं. आणि आठवड्याभरात माझी बोटं सोलून निघाली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी बोटं कुठली तशी राहणार? डाव्या हाताची करंगळी तार दाबायला पुरेना. उजव्या हाताने छेडायला जावं तर ती तार बोटाखाली कानशीसारखी लागायची. दोन बोटांना फोड आले. गोडाऊनमध्ये दिवसभर खोक्यांवर स्कॅनर मारायचा असतो, त्याचं बटण दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. पट्टी बांधून वाजवलं, तर ताल राहायचा पण सूर घसरायचा. मला वाटलं, दादाने पंचवीस-तीस वर्षं हे वाजवलं, मला दोन महिने जमू नये? मी दात-ओठ खाऊन वाजवत राहिले. मग एका रविवारी गाणं अर्ध्यात सोडलं आणि गिटार उचलून यासीनचाचांकडे गेले.

धामणकर नाक्यापासून आत, ढोलकी-हार्मोनियमच्या दुरुस्तीचं ते बोळकांडीएवढं दुकान. तू जायचास तिथे, एवढंच मला माहीत होतं. मला वाटलं होतं, तारा गिटारच्या मानेपासून जास्त उंच झाल्या असतील, त्या जरा खाली करून घ्याव्यात. चाचांनी चष्मा वर केला, गिटारीच्या कडेला तुझ्या मनगटाने घासून घासून उडालेला रंग बघितला.

"ये तो रमा मास्टर का है ना?"

"मी त्यांची बहीण. ते गेले, दीड वर्ष झालं."

चाचांनी चष्मा काढून ठेवला. मग स्टूल पुढे सरकवलं. "बैठो, बहन. मला कोणी सांगितलं नाही. मी वाट बघत होतो त्यांची."

मी विचारलं, वाट कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं. तू त्यांच्याकडे आला होतास, एकदा नाही, दोनदा. पार्टी सोडलीस त्याच्या आधी. तुझ्या बोटांचे सांधे सुजले होते. तू विचारलं होतंस, हाताला हलक्या पडतील अशा तारा असतात का?

चाचांनी तुला दाखवल्या तशाच मलाही दाखवल्या. त्यांच्याकडे एक सुटी तार होती, नमुन्याची. "तुमच्या तारेवर बाहेरून गोल तार गुंडाळलेली आहे, म्हणून ती बोटाला खरवडते. हिच्यावर चपटी पट्टी गुंडाळलीय. हात फिरवा." मी हात फिरवला. काचेच्या बांगडीवरून फिरावा तसा फिरला.

"पण नुसती गुळगुळीत घेऊन भागणार नाही," ते म्हणाले. "हिला ताण जरा जास्त असतो. म्हणून जाडी पण कमी घ्यायची. कमी नंबरची."

"कमी नंबर म्हणजे जाड ना?"

चाचा हसले. "भिवंडीवाली! ये सूत नहीं है. सुतात नंबर वाढला की धागा बारीक. इधर उलटा है."

मीही हसले. मग विचारलं, "यात तोटा काय?"

"आवाज. चमक जाते. टण् नहीं बोलेगा, धुम् बोलेगा. मास्टरला मी हेच सांगितलं. ते इथेच बसून होते, ही तार बोटांत धरून. म्हणाले, चांगली आहे. पाकीट ठेवून द्या, येतो. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी पाकीट काढून समोर ठेवलं. तर म्हणाले, चाचा, लोक विचारतील, रमा मास्टरचा आवाज का बदलला, तर काय सांगू? हात गेले म्हणून सांगू? और चले गये."

"आणि ते पाकीट?"

"वर्षभर ठेवलं. फिर बेच दिया," चाचा म्हणाले. त्यांना ते सांगताना अवघड झालं, पण त्यांनी सांगितलं.

दादा, मी त्या स्टुलावर बसून राहिले. बाहेर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

तू आम्हा सगळ्यांना काय सांगितलं होतंस? "आता की-बोर्डच्या डाव्या हातात बेस येतो. वसंता एकटा सगळं वाजवतो. माझी गरज न्हाय. कंटाळा पण आला." आम्ही मान डोलावली. मला वाटलं, बरं झालं, वय झालंय, आराम करील.

आणि त्याच वर्षीची गौर. मी माहेरी आले होते. तू ओटीवर बेस घेऊन बसला होतास, मला हाक मारलीस. "सुने, जरा दाबून बघ. ही तार तुला जाड वाटते काय?" मी पुरणाचे हात पदराला पुसत आले, तार दाबली न दाबली आणि हसून म्हटलं, "दादा, म्हातारा झालास काय रे? लूम ओढणारा माणूस तू, आणि तार जाड वाटते?" तूही हसलास. गिटार आत ठेवून आलास.

तू मला विचारत होतास. आयुष्यात एकदा तू स्वतःहून काही विचारलंस, आणि मी चेष्टा केली. त्या वेळी मी नीट हात लावला असता, "हो रे, जाड आहे, बदल की" म्हटलं असतं, तर तू ते पाकीट घेतलं असतंस का? शेवटची दोन वर्षं वाजवलं असतंस का? सांग ना.

की तरीही तू भिंतीकडेच वळला असतास?

मी चाचांना तारा मागवायला सांगितल्या. मग आठवलं, वहिनीला शब्द दिलाय. त्याच पावली तुझ्या घरी गेले. वहिनी वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, शेंगा हातात घेतल्या आणि चाचा जे बोलले ते सगळं सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल. तिने सोललेले वाल ताटलीत सारखे केले.

"मना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बोटं. रोज कामावरून आला की गरम पाण्यात हात घालून बसायचा. मना शप्पथ घातलेली, कोणाला सांगायचं न्हाय. आमी वज्रेश्वरीला किती वेळा गेलो ते तुला आठवतं ना? तू म्हणायचीस, दादा-वहिनीला एवढी देवीची ओढ कवापासून लागली? देवीचं दर्शन व्हायचं, मग अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचो. लोक आंघोळ करायचे, हा काठावर बसून नुसते हात बुडवायचा. तास तास. बाया बघायच्या, हसायच्या."

मी हातातल्या शेंगा सोलल्या. मग मीच म्हटलं, "वहिनी, तुझं न्हाय असेल तर राहू दे. मी आहे त्याच तारांवर बघते."

तिने माझा उजवा हात ओढून घेतला. बोटांवरची पट्टी बघितली. पट्टीचं टोक सुटलं होतं, ते तिने दाबून बसवलं.

"काढ त्या," म्हणाली.

तारा यायला दहा दिवस लागले. मी गिटार घेऊन वहिनीकडेच गेले, कारण एकटीने करायला मन होईना. तिने गिटार मांडीवर आडवी धरली, मी एकेक खुंटी सैल केली. जुन्या तारा गंजून काळ्या पडल्या होत्या, हाताला डाग लागले. तारा निघाल्यावर मानेवरच्या लाकडात तुझ्या बोटांनी पडलेले खळगे दिसले. ते राहिले आहेत, दादा. ते कोण काढणार?

नव्या तारा कापण्याआधी वाकवायला चाचांनी सांगितलं होतं, नाहीतर वरची पट्टी सुटते म्हणे. पहिली मी वाकवली, पुढच्या तीन वहिनीने. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईने चालला. जुन्या तारांचं वेटोळं करून मी तिच्यापुढे धरलं. मला वाटलं, ती कपाटात ठेवील, तुझ्या घड्याळापाशी.

तिने हात मागे घेतला. "यांनीच त्याला दुखवलं. मना नकोत."

मी त्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. तुला वाईट वाटलं का? मला आधी वाटलं होतं, वाईट वाटेल. तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तारा झणझणायला लागल्या. चाचांकडे नेल्यावर ते म्हणाले, तारांचा ओढा कमी झाला, आता मानही थोडी सैल सोडावी लागेल. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती त्यांनी किल्लीने जराशी फिरवली. मग वाजवून बघितलं. दादा, तार बोटाखालून सरकताना ती जुनी किरकिर नव्हती. आवाज खोल आला, गोल, कुठेही न टोचणारा. करंगळीही पुरली. मी तिथेच, दुकानात, दोन गाणी वाजवली. चाचा हार्मोनियमच्या भात्याला गोंद लावत होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्यांचा पाय हलत होता.

आता तुझ्या मित्राचं ऐक. सरावाला पडवीत गेले तर वसंताने पहिली दोन मिनिटं ऐकून घेतली आणि की-बोर्डवरून हात उचलले. "सुनीताय, हा आवाज रमाचा न्हाय."

"न्हाय," मी म्हटलं. "माझा हाय."

"लोक म्हणतील..."

"लोक म्हणतील म्हणून रमाने दोन वर्षं गिटार कपाटावर ठेवली," मी म्हटलं, आणि त्यालाही सगळं सांगितलं. वसंता खूप वेळ की-बोर्डचं फडकं चाळवत राहिला. शेवटी म्हणाला, "मी त्याला बोललो होतो, बेस आता की-बोर्डवर भागतो. तो थांबतो म्हणाला तेव्हा मला खरंच वाटलं, की त्यालाच नकोय. एकदा जोर करून 'चल' म्हटलं असतं तर?"

त्याचंही तेच, दादा. आम्ही सगळे तुझ्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवून मोकळे झालो.

हळद परवा झाली. सूर्य अजून खाडीवर होता तेव्हा आम्ही पहिलं गाणं धरलं, देवीचं. आयुष्यात पहिल्यांदा मांडवात, बाप्यांच्या पार्टीत उभी होते, आणि समोर गावातली सगळी बसलेली. पण बोटं चालत होती. नवरीची आत्या बेस वाजवतेय म्हणून पोरी मोबाइल धरून उभ्या राहिल्या, मग मोबाइल ठेवून नाचायला गेल्या. पुढे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "रमाची भन हाय ना ती?" एवढंच. पुढे काही वाईट बोलला नाही.

तिसऱ्या गाण्याला मी चुकले. वसंताने सूर वर चढवला आणि मी खालीच राहिले, दोन फेऱ्या. माझे कान गरम झाले. मग सूर सापडला.

वहिनीने सकाळीच सांगितलं होतं, ती पुढे येणार नाही, आत स्वयंपाकाकडे बघेल. चौथ्या गाण्याच्या मध्येच मला ती दिसली. पदराला हात पुसत बाहेर आली, एक खुर्ची उचलली आणि थेट स्पीकरच्या शेजारी मांडून बसली. इतक्या जवळ कोणी बसत नाही. प्राची हळदीने माखलेली, तिने आईकडे बघितलं आणि हातानेच खूण करून तिला जागेवरून उठू दिलं नाही. शेवटचं गाणं होईपर्यंत वहिनी तिथेच होती.

सामान आवरताना ती माझ्याजवळ आली. "तिसऱ्या गाण्यात चुकलीस."

"तुला कळलं?"

"एवढी वर्षं ऐकलंय. तो पण तिथंच चुकायचा."

आणि ती हसली, दादा. तू गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

मांडवाचे शेवटचे बांबू आता टेम्पोत चढतायत. वहिनी उठेल, तिला चहा टाकते. वसंताने पुढच्या महिन्यात मानकोलीची एक हळद घेतलीय आणि मी येते म्हणून सांगितलंय. घरी ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, रिक्षा मी आणतो.

जाता जाता तुला एक शब्द देते. बोटं दुखली तर मी सांगेन. वसंताला सांगेन, वहिनीला सांगेन, जो भेटेल त्याला सांगेन. याहून बारीक तारा लागल्या तर त्याही मागवेन आणि कोणी आवाजाचं विचारलं तर खरं कारण सांगेन. आणि एक दिवस वाजवणं अजिबात जमेनासं झालं, तर कंटाळा आला असं म्हणणार नाही. म्हणेन, मला अजून वाजवायचंय, पण हात ऐकत नाहीत.

तुझी,
सुनी